बारा कमांडींचा गठ्ठा

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी संगणकाची कामं बघतो. पोट त्यावर चालतं. हौस म्हणून मात्र गेली काही वर्षं मराठी मजकुरासाठी छोट्या छोट्या कमांड लिहितो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, काम झालं. एक कमांड नावांची यादी अकारविल्हे लावते, एक मोठ्या फाइलचे तुकडे करते, एक छापील पानाच्या फोटोतून मजकूर वाचते. अशा बारा. कोणालाही त्या फुकट उतरवून घेता येतात, आणि आधी प्रत्येकीचं पॅकेज वेगळं होतं.

त्या बारा पॅकेजांनी डोक्याला ताप करून ठेवला. एकीत दुरुस्ती केली की दुसरी रुसायची. लोक एक उतरवायचे, तिला लागणारी दुसरी विसरायचे आणि चालत नाही म्हणून मलाच लिहायचे. शेवटी एका रविवारी मी वैतागून बाराही बांधल्या, एकच गठ्ठा केला आणि सुटी पॅकेजं काढून टाकली. घ्यायचं तर सगळं घ्या. ऑफिसातला सोबती म्हणाला की ज्याले नुसता चिवडा पाहिजे, त्याच्या गळ्यात तू फराळाचा अख्खा डबा मारून राहिला. मी म्हटलं, मग बारा डबे घासायला तू ये. या उत्तरावर मी दोन दिवस खूश होतो.

माझी फक्त एक कमांड रोज वापरणाऱ्या एक ताई जरीपटक्यात राहतात. सरकारी कचेरीत टंकलेखक होत्या, आता निवृत्त आहेत. बोटं मराठी टाइपरायटरवर घडलेली, त्यामुळे त्या जुन्या फाँटातच टाइप करतात, आणि तो मजकूर मोबाइलवर नुसता कचरा दिसतो. माझी कमांड त्याचं कुठेही वाचता येईल असं मराठी करून देते. माउसपेक्षा काळा पडदा त्यांना बरा वाटतो, कारण तिथे टाइपच तर करायचं असतं.

त्यांची आई छप्पन साली लहान मुलगी होती आणि आईबापांबरोबर उमरेडकडच्या गावाहून दीक्षेसाठी नागपुरात आली होती. त्या आठवणी ताईंनी आईला बोलतं करून रेकॉर्ड केल्या होत्या. जुन्या संगणकाला हेडफोन लावून त्या रोज थोडं ऐकायच्या, साहेबांचं डिक्टेशन घ्यावं तसं टाइप करायच्या, माझी कमांड चालवायच्या आणि ते पान घरच्यांच्या ग्रुपवर पाठवायच्या. मलाही पाठवायच्या. मी आवडीने वाचायचो.

एकदा तो संगणक बिघडला. दुरुस्त करणाऱ्याने फाइली वाचवल्या, पण माझी कमांड गेली. ताई ती परत उतरवायला गेल्या तर तिथे गठ्ठा. त्यांनी मला फोन केला.

"भाऊ, हा जागा नाही म्हणून राहिला. मले तं एकच कमांड पाहिजे, मग एवढी जागा काहून मागते?"

मागत होती ती फोटो वाचणारी कमांड. तिचा पसारा सगळ्यात मोठा. पण ते समजावत बसायला मला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर, गठ्ठ्याविरुद्ध कोणी बोललं की मला राग यायचा.

"मग जागा करा, ताई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की सगळं नीट चाललं, आभारी आहे. बघ, गठ्ठ्यामुळे कोणाचं अडत नाही, असं मी सोबत्याला ऐकवलंसुद्धा.

त्या हिवाळ्यात ताईंची आई गेली. मी भेटायला गेलो. बोलता बोलता म्हटलं, पानं वाचली आहेत, आता एकदा त्यांचा आवाज ऐकवा.

"ते तं पुसलं ना मी," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हटलं, जागा करा."

कचेरीत त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. पक्की प्रत तपासून झाली की कच्चा मसुदा फाडायचा, नाहीतर फाइलीला भलताच कागद लागतो. रेकॉर्डिंग म्हणजे त्यांच्या लेखी कच्चा मसुदा. एकेक पान तपासून त्यांनी त्या त्या पानाचा आवाज पुसला होता. आई तेव्हा पलीकडच्या खोलीत वाटाणे सोलत बसली होती. तिचा आवाज कुठे जाणार होता? पेनड्राइव्हवर काढून ठेवा, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ते मला सुचलं नाही.

मी संगणक घरी आणला आणि तीन दिवस पुसलेलं परत मिळवायची खटपट केली. काही हाती लागलं नाही. त्या जागेवर माझाच गठ्ठा जाऊन बसला होता. त्यातल्या अकरा कमांड ताईंनी एकदाही चालवल्या नव्हत्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच दिवशी मी बाराही पॅकेजं पुन्हा सुटी करून ठेवली. गठ्ठा ज्याला हवा त्याच्यासाठी राहू दिला, पण सक्ती गेली.

संगणक परत नेला तेव्हा त्यात त्यांची ती एकच कमांड टाकली. जागा जेमतेम घेते. मी माफी मागितली.

"तुम्ही थोडंच म्हटलं होतं, आवाज पुसा म्हणून," ताई म्हणाल्या. "हात तं माहाच होता."

एक फाइल मात्र वाचली होती. शेवटची. टाइप करायची राहिली होती म्हणून ती पुसायचीही राहिली. मी तिच्या दोन पेनड्राइव्हवर प्रती केल्या, त्यांच्या हातात दिल्या आणि उत्साहाने म्हणालो की आता एवढं टाइप करून टाका, आठवणी पूर्ण होतील, कमांड तयार आहे.

ताईंनी हेडफोन लावला. बोटं सवयीने कीबोर्डवर गेली. थोडा वेळ तशीच राहिली, मग त्यांनी ती उचलून मांडीवर ठेवली.

"नाही गा भाऊ," त्या म्हणाल्या. "टाइप केलं का मंग हे कच्चं होऊन जाते."

मी नेऊन दिलेली ती सुटी कमांड त्यांनी अजून एकदाही चालवलेली नाही.