कोंडाकाकूंची बिस्किटं

कोंडाकाकू कोणाच्याही घरी गेल्या की थेट स्वयंपाकघरात शिरत, पिठाच्या डब्यात हात घालत आणि चिमूटभर पीठ बोटांत चोळून तिथल्या तिथे निकाल देत. "कोंडा आहे!" म्हणाल्या तर सुटलात. "मैदा!" म्हणाल्या तर बसा आता ऐकत!

सत्तरच्या दशकातलं आमचं चंदीगड. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन आलेले, आणि आमच्या वरच राहायचे. काकू अमरावतीच्या. "इतका सोन्यासारखा गहू दारात पिकून राहिला, अन् तुम्ही त्याचा कोंडा म्हशीले घालून मैदा कायले खाता?" हा त्यांचा सवाल अख्ख्या सेक्टरला होता. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

आमचे बाबा म्हणजे त्यांच्या दृष्टीने पक्का गुन्हेगार. रविवारी भटुरे आणि रोज सकाळी चहात बुडवून मैद्याची बिस्किटं. शेवटी मूळव्याधीने त्यांना खुर्चीत बसवेना. डॉक्टरांनी बजावलं, मैदा बंद करून कोंड्यासकट पीठ खा, नाहीतर ऑपरेशन. बाबांनी भटुरे सोडले. बिस्किटांपाशी मात्र अडून बसले. "चहाबरोबर बिस्किट नसेल तर कापा मला!" म्हणाले.

"कापत नाही अन् काही नाही. बिस्किट मी देते तुमाले, भाऊजी!" काकूंनी पदर खोचला.

तेव्हा तिकडे मैदा, तूप, साखर घरूनच घेऊन भट्टीवर जायचं आणि समोर बसून पत्र्याचा पिपा भरून बिस्किटं भाजून आणायची अशी रीत होती. काकू कणीक घेऊन गेल्या. भट्टीवाले सरदारजी हात जोडून म्हणाले, "बीबीजी, बिस्कुट तो मैदे के ही बनते हैं जी."

"आज आटे के बनेंगे!" काकूंनी बैठक मारली. बनली खरी, पण अशी की बाबांनी एक टेबलावर आपटून पाहिलं. टेबलाला खोक पडली.

दुसऱ्या खेपेला मात्र कमाल! सोनेरी, खुसखुशीत, जिभेवर विरघळणारी. बाबांनी एका बैठकीत सहा खाल्ली. आम्ही टाळ्या पिटत होतो आणि काकू धापा टाकत जिना उतरून आल्या. हातात परात, परातीत कोंड्याचा ढीग. पीठ हलकं व्हावं म्हणून त्यांनी ते आपल्या जुन्या मलमलीतून दोनदा गाळलं होतं! "अवो, मी तर घरीच मैदा केला!" असं म्हणून त्यांनी बाबांच्या मांडीवरून पिपा उचलला. बाबा सातवं बिस्किट हातात धरून बघतच राहिले.

तिसऱ्यांदा त्यांनी तो सगळा कोंडा तुपात परतून पुन्हा कणकेत मिसळला, गूळ घातला आणि सरदारजींना आच मंद ठेवायला लावली. काय वास सुटला होता! भट्टीवरच्या बायका आपापले डबे खाली ठेवून बघायला आल्या. घरी बाबांनी एक बिस्किट चहात बुडवून खाल्लं, डोळे मिटले आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. घरात पोळीही कोंड्यासकट सुरू झाली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. आईने ही बातमी जिन्यातूनच ओरडून वर कळवली. भट्टीवर तर सरदारजी प्रत्येकीला विचारू लागले, "मैदेवाले, या काकूवाले?"

मग काकांची बदली झाली. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. त्या सकाळी बाबा कोणाला न सांगता आयुष्यात पहिल्यांदा एकटे भट्टीवर जाऊन बसले होते. त्यांनी पिपा काकूंच्या हाती दिला. काकूंनी झाकण उघडलं, एक बिस्किट मोडलं आणि त्याचा चुरा नेहमीसारखा बोटांत चोळला. आम्ही त्यांच्या बोटांकडे बघत उभे होतो. बाबा तर परीक्षेला बसल्यासारखे.

"कोंडा आहे," काकू म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.