दोन आणि तीनच्या मधे

आमच्या सासऱ्यांइतका किमती खोकला अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. ते मेहकरच्या धान्यबाजारात हर्रास पुकारतात. शेतकऱ्याच्या ढिगाशी उभं राहून व्यापाऱ्यांकडून बोली चढवून घ्यायची आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून सौदा पक्का करायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. बाजाराच्या दाराशीच माझं बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळतो. घरीही तीच तऱ्हा. ताटातलं शेवटचं भजं कुणाचं, याचाही ते हर्रास लावतात आणि मी गप्प बसलो की म्हणतात, "बोला जवाई, लाजून काऊन राह्यले?"

तर जन्मभराच्या बिड्या आणि धान्याची धूळ यांनी मिळून त्यांचा दम पोखरला. ‘एक’ ठणठणीत यायचं, ‘दोन’ घरंगळायचं आणि ‘तीन’च्या आधी खोकल्याची उबळ. तेवढ्यात व्यापाऱ्यांची चुळबुळ सुरू व्हायची, आणि माल हातचा जातो की काय या धास्तीने कुणीतरी बोली वाढवायचाच. झालं! शेतकरी हट्ट धरू लागले, आमचा ढीग यांनीच पुकारायचा. दवाखान्याचं नाव काढलं की सासरे उसळायचे, "मले बरं केलं त कास्तकाराच्या भावाचं काय? दम गेला त जाऊ द्या, भाव त येऊन राह्यला!" इकडे आंघोळ करून उठताना भिंत धरावी लागायची, ती गोष्ट मात्र कुणाला सांगायची नाही. माझी बायको रडायची. मला तर असा राग यायचा त्यांचा, काय सांगू!

मग एका सकाळी ‘तीन’ आलंच नाही. सासरे सोयाबीनच्या ढिगावरच बसले, ओठ निळे पडलेले. ज्याचा ढीग होता तो म्हातारा शेतकरी वाकून म्हणाला, "भाऊ, तुमचा जीव घेऊन मले भाव नाही पाह्यजे. दवाखान्यात जाता, का माल भरून घरी नेऊ?" आम्ही इतके दिवस डोकं फोडून घेत होतो, याचं मात्र त्यांनी निमूट ऐकलं.

बुलढाण्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे त्यांना एका यंत्रात फुंकायला लावलं. शेजारी नर्स ओरडतेय, "अजून, अजून, सोडू नका!" सासरे फुंकून लालबुंद, पण श्वास परत येताच म्हणाले, "पोरगी हर्रासाले लय चांगली आहे." डॉक्टरांनी समजावलं की श्वासनळ्या आकसल्यात, आत गेलेली हवा पुरती बाहेर निघत नाही, मग नवीन यायला जागाच उरत नाही. गेलेला दम परत आणता येत नाही, उरलेला मात्र तोंडाने औषध ओढायच्या पंपाने जपता येतो. "पंप लागला म्हंजे मानूस संपला," सासरे पुटपुटले. डॉक्टर म्हणाले, "पंपाने नाही हो, बिडीने संपतो." मग पंप रोजचा झाला, तोंडाला रुमाल आला, संध्याकाळचं चालणं आलं. बिडीही सुटली, पण एक न पेटवलेली अजून कानावर असते, कारण रिकामा कान म्हणे बरा दिसत नाही.

काही महिन्यांत माणूस उभा राहिला. परतल्या दिवशी पहिल्याच ढिगाला त्यांनी एका दमात ‘एक-दोन-तीन’ ठोकलं, आणि सौदा कमी भावात पक्का झाला. शेतकऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या ढिगाला सासरे ‘दोन’ म्हणाले आणि छाती धरून असे खोकले, की बोली सरसर वर चढली. मग त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. तेव्हापासून नाटक असलं की ते डोळा मारतात आणि मी दुकानात हसत बसतो.

गेल्या आठवड्यात थंडी फार होती. तुरीचा ढीग होता. ‘एक’ झालं, ‘दोन’ झालं, खोकला आला. व्यापारी एकमेकांकडे बघत होते, शेतकरी सासऱ्यांकडे, आणि मी त्यांच्या डोळ्याकडे. डोळा हलला नाही. हात खिशातल्या पंपाकडे गेला. बोली चढत होती, शेतकरी खुशीत होता, आणि मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून मनातल्या मनात विनवत होतो, मामाजी, राहू द्या तो भाव. ‘तीन’ म्हणा हो, तेवढं ‘तीन’ म्हणा.