आठ एप्रिलची लॅब

“घड्याळाला हात लावायचा न्हाई, मॅडम! सांगून ठेवतो.”

“मग पेपर बी उघडणार न्हाई, सर. मी पण सांगून ठेवते.”

“मागच्या आठवड्यापर्यंत उघडत होता की! तुम्ही नवं काय घुसडलं, तवापासून पेपरच्या जागी पडद्यावर हे धोक्याचं लाल पान येऊन राहिलंय. पोरं हसून राहिलीत मला.”

“हसतीलच. बाहेर फेब्रुवारी आन् तुमच्या लॅबमध्ये एप्रिल!”

लातूरच्या त्या क्लासच्या लॅबमध्ये साठ कम्प्युटर होते आणि साठही पडद्यांवर तारीख होती आठ एप्रिल. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा दिवस. क्लासचे मालक आलोक सर यांची ही पद्धतच. दिवाळी झाली की लॅबमधली तारीख परीक्षेच्या दिवसावर नेऊन ठेवायची आणि रोज सकाळी पुन्हा तीच लावायची. वहीच्या कोपऱ्यातसुद्धा पोरं रोज आठ एप्रिलच लिहायची. “परीक्षा रोजची झाली की भीती मरते,” असं सर पालकांना सांगायचे, आणि पालक माना डोलवायचे.

गुरम्मा सकाळच्या एस.टी.नं नांदेडहून आली होती. तिशीची, बारीक अंगाची, आवाजानं मात्र दांडगी. क्लासेसना ऑनलाइन चाचण्यांचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती मदतीच्या फोनवर बसायची. ‘मॅडम, लाल पान आलंय’ असे दिवसाला चाळीस फोन. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: कम्प्युटरची तारीख बरोबर हाय का? कारण सर्व्हरकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, ‘मी तोच, दुसरा कुणी नाही’ असं सांगणारं, आणि त्याला मुदत असते. या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत होती बारा मार्च. आठ एप्रिलमध्ये राहणाऱ्या कम्प्युटरच्या लेखी ते कधीच मेलं होतं. तीनदा तिनं फोनवर विचारलं होतं आणि तीनदा लॅब सांभाळणाऱ्या लिंबाजीमामांनी सांगितलं होतं, “हाव मॅडम, एकदम बरोबर हाय. सकाळीच लावली.” मामा खोटं बोलत नव्हते. त्या लॅबमध्ये तीच बरोबर तारीख होती.

“जुनीच लायब्ररी परत टाका,” आलोक सर म्हणाले.

माहिती कुलूपबंद करून पाठवणारी तयार प्रोग्रामांची ती लायब्ररी गुरम्मानंच गेल्या आठवड्यात बदलली होती. जुनी कुलूप लावायची खरी, पण पलीकडे कोण उभं आहे हे विचारायचीच नाही. जो हात पुढे करील त्याला किल्ली.

“जुनीत चौकशीच नव्हती, सर.”

“नसू द्या! ही काय पोलीस चौकी हाय?”

“बाराशे पोरांचे फोटो, आधार नंबर, आईबापाचे फोन त्यातून जातेत. उद्या कुणी मधी बसून ‘मीच सर्व्हर’ म्हणलं, तर समदं त्याच्या घरात!”

“लातुरात कोण बसतंय मधी? तुमच्या नांदेडचे चोर असतील तसले. त्यांना म्हणावं, चार तास एस.टी.त बसून दाखवा आधी.”

लिंबाजीमामा हसले. गुरम्मा हसली नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं घर गेलं, बाप गेला, तेव्हा ती पाच वर्षांची होती. पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस आला होता. पांढरा शर्ट, काखेत फाइल, खिशाला बिल्ला. घरांच्या यादीत नाव घालतो म्हणाला. तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, रेशनकार्ड, सातबारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, होतं नव्हतं ते त्याच्या हातात दिलं. त्याला पाण्याचा तांब्या गुरम्मानंच नेऊन दिला. बिल्ल्यावर काय लिहिलंय ते कुणीही वाचलं नाही. माणूस परत आला नाही, कागदही नाहीत. शेजारी पक्क्या घरांत गेले आणि या मायलेकी आणखी तीन पावसाळे पत्र्याखालीच राहिल्या. अव्वा आजही गॅसवाल्याला दारात उभा करून ओळखपत्र मागते. गुरम्मा आधी तिला हसायची. या नोकरीत ते हसणं बंद झालं.

“तारीख आजची करा, सर. पेपर दोन मिनिटांत उघडतो. आठ एप्रिल भिंतीवर लिहा, वहीत लिहा, कपाळावर लिहा! कम्प्युटरला तेवढं खरं सांगा.”

“कपाळावर?” सरांचा आवाज चढला. दाराबाहेर तीनच्या चाचणीसाठी पोरं रांगेत उभी होती, कान टवकारून. त्यांच्यादेखत सर मागे हटणार नव्हते. त्यांनी नांदेडला तिच्या मालकाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून मोबाइल टेबलावर ठेवला.

“बसवंतराव, ही चौकशी आत्ताच्या आत्ता बंद करा. न्हाई तर मी दुसरी कंपनी बघतो.”

“गुरम्मा,” फोनमधून आवाज आला, “सर म्हणतेत तसं कर की गं. एक ओळ तर बदलायची.”

“एका ओळीनंच दार सताड उघडं पडतंय, साहेब.”

“मला शिकवू नको. करतीस का? न्हाई तर उद्यापासून येऊ नको.”

गुरम्मानं मामांच्या रजिस्टरमधलं एक कोरं पान टर्रकन फाडलं आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं: ‘माझ्या सांगण्यावरून सर्व्हरची ओळख तपासणं बंद केलं आहे. पोरांची माहिती कुणाच्या हाती गेली, तर जबाबदार मी.’ पान तिनं सरांसमोर आपटलं.

“घ्या. करा सही. सही झाली की त्याच मिनिटाला बंद करते. मग नोकरीचं बघू.”

“ह्या कागदाचं काय मधीच?” सर ओरडले. “बसवंतराव, ऐकताय ना?”

फोनमध्ये बसवंतराव खाकरले.

“सर… तेवढी सही देऊन टाका की मग.”

“तुम्ही बी?”

“उद्या काय झालं तर पोरांचे बाप माझ्या दारात येतेल ना, सर. सही द्या, मी हितूनच बंद करतो. सहीबिगर न्हाई जमणार.”

सरांनी पेन उघडलं. कागद वाचला, परत वाचला. रांगेतली एक पोरगी टाचा उंचावून आत डोकावत होती.

“सर,” ती म्हणाली, “त्यात माझा बी आधार नंबर हाय का?”

आलोक सरांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशाला अडकवलं आणि रांगेतून वाट काढत, कुणाकडेही न बघता, जिना उतरून गेले.