अलार्मवरची पट्टी

सुरुवातीलाच सांगून ठेवते. भूतखेत, जिन्न, बाहेरची बाधा यातलं मला काही पटत नाही. हा अनुभव आला तेव्हा पटत नव्हतं आणि इतकी वर्षं नर्सिंग करूनही पटत नाही. त्यामुळे "शेवटी मानलंच ना" असं कोणी लिहिणार असेल तर त्याने तसदी घेऊ नये. मी मानलेलं नाही. जे झालं ते झालं, इतकंच...

मी चंद्रपूरची, नसरीन. अब्बांचं जटपुरा गेटकडे घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. घरात अम्मीचा ताबिजांवर विश्वास आणि अब्बांचा स्क्रू-ड्रायव्हरवर. मी अब्बांवर गेले. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमची ड्युटी एका हॉस्पिटलच्या आयसीयूत लागली होती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

लांबट खोली. एका टोकाला दार, दाराबाहेर स्टुलावर सुमनमावशी बसलेली. दुसऱ्या टोकाला सिंक आणि औषधांचा ओटा. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद केलेल्या. आणि मे महिना, म्हणजे चंद्रपूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. दिवसातून कितीदा तरी लाइट जायची. लाइट गेली की श्वासाचं मशीन बॅटरीवर जायचं आणि अलार्म कोकलायचा. नळी निसटली तरी तोच अलार्म, लाइट गेली तरी तोच. म्हणून कोणीतरी त्याच्या स्पीकरवर कापसाचा बोळा ठेवून वर स्टिकिंग प्लास्टरची पट्टी मारली होती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "कान किटतात बाई. तू शिकायला आली ना, शीक."

त्या मशीनवर पार्वताबाई होत्या. मूल तालुक्यातल्या एका गावच्या, घरचा तलावातल्या मासोळीचा धंदा. जमिनीवर झोपलेल्या असताना मण्यार चावली होती. मण्यारीच्या विषाने माणूस लुळा पडतो. हात हलत नाही, पापणी उचलत नाही, स्वतःचा श्वास घेता येत नाही. पण ऐकू सगळं येतं. हे आम्हाला पुस्तकात होतं. तरी त्यांच्या पलंगाशी उभं राहून लोक "ही काही वाचत नाही" असं बिनदिक्कत बोलायचे. बाहेर त्यांचे यजमान लक्ष्मणभाऊ भिंतीला टेकून बसलेले असायचे.

त्या दुपारी त्यांचं अंग पुसून, कूस बदलून स्टाफ सिस्टर नव्या पेशंटला घ्यायला खाली गेल्या. आत मी एकटी, बाकीचे पेशंट बेशुद्ध. ओट्याशी पाठमोरी उभी राहून इंजेक्शन भरत होते. लाइट नुकतीच जाऊन आली होती...

"ओ बाई, इकडे ये. हिले श्वास नाई येऊन राह्यला."

साधा आवाज. बाईचा, प्रौढ, जरासा वैतागलेला, रांगेत उभं राहून कंटाळलेलं माणूस बोलतं तसा. अंगावर काटा वगैरे काही नाही. मला वाटलं, कोणाची तरी नातेवाईक आत आली. मी "आली जी" म्हणत वळले.

खोलीत उभं कोणीच नव्हतं.

पार्वताबाईंचे ओठ निळे पडले होते. मी चादर बाजूला ओढली. मशीनची नळी तोंडातल्या नळीपासून सुटून कुशीखाली पडली होती. मशीन आपलं हवेत श्वास सोडत होतं आणि पट्टीखाली अलार्म डासासारखा गुणगुणत होता. ऑक्सिजन मोजायचं यंत्र एकच, ते दुसऱ्या पलंगाला लावलेलं. मी हाताने श्वास द्यायची अंबू बॅग जोडली, दाबत राहिले, मावशीला हाक मारली. डॉक्टर धावत आले. हळूहळू रंग परतला. तेव्हा मी ती पट्टी उपटली.

"मावशी, आत कोण आलं होतं?"

"कोनी नाई. मी दारातच हाय ना."

संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरनी मला बोलावलं. "राउंड घेताना तुला नळी दिसली. बरोबर?"

"नाही सिस्टर. मला कोणीतरी हाक मारली. आणि अलार्मवर पट्टी होती, म्हणून मला आधी कळलं नाही."

"हाक सांग पाहिजे तर. अलार्मचं कशाला?"

"दोन्ही झालं, दोन्ही सांगणार."

"फायनलची परीक्षा आहे ना तुझी यंदा?"

मी गप्प बसले नाही असं अभिमानाने लिहिते, पण त्या रात्री घरी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळं दुरुस्त करून माझी फी भरली होती, परीक्षा हुकली असती तर सगळं पाण्यात. तरीही म्हणाले, "जो देखा वही बोल, बेटा." मी तेच सांगत राहिले. डॉक्टरांना, ट्यूटर मॅडमना, सगळ्यांना.

डॉक्टरांनी एक उत्तर दिलं, ते मला आवडलं होतं. म्हणाले, "मशीनचा आवाज बदलला, तो तुझ्या कानाने टिपला. मेंदूने त्याची हाक केली." मी ते घट्ट धरलं. पार्वताबाईंची नळी निघेपर्यंत.

नळी निघाली, घसा बसलेला होता, पण त्या बोलायला लागल्या. मी पाणी पाजत होते तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"तूच ना ते, 'आली जी' म्हनाली?"

"हो. तुम्ही ऐकलं?"

"सगळंच आयकू ये ना. पन ते दुसरी सिस्टर कुठी हाय? माह्या उशाशी होती ते."

"कोणती सिस्टर, बाई?"

"नळी निसटली तवा जीव घाबरा झाला माह्या. ते म्हने, थांब जराशी, त्या पोरीले बोलावतो. मंग तिनं तुले आवाज देल्ला."

"दिसली तुम्हाला?"

"डोळे कुठी उघडत होते माह्ये?"

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. 'थांब जराशी' हे तर मी ऐकलंही नव्हतं. कानाने टिपलं, मेंदूने हाक केली, हे एका माणसाला लागू पडतं. दोघींना कसं लागू पडेल?

ही गोष्ट मावशीने ऐकली आणि दोन दिवसांत हॉस्पिटलभर झाली. कोणी म्हणे इथे पूर्वी एक सिस्टर वारली, ती राखण करते. मी जुन्या लोकांना विचारलं. अशी कोणी सिस्टर कोणालाच आठवत नव्हती. पण गोष्ट थांबली नाही. पार्वताबाईंना वॉर्डात हलवल्यावर एका सकाळी ड्युटीवर गेले तर त्यांच्या रिकाम्या पलंगाच्या डोक्याशी हळदकुंकू आणि पेटलेली अगरबत्ती. शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. आणि मशीनच्या स्पीकरवर नवी पट्टी.

मी अगरबत्ती सिंकमध्ये विझवली. मावशी रडायला लागली. स्टाफ सिस्टर म्हणाल्या, "इतकं काऊन तापते? ते हाय ना लक्ष ठेवाले."

तेव्हा माझं डोकं खरंच फिरलं.

त्याच आठवड्यात ट्यूटर मॅडमनी वर्ग घेतला. विषय, आयसीयूतल्या पेशंटची सुरक्षितता, विद्यार्थिनींचं मत काय. डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर मागे बसलेले. मुली हात धुणं, पलंगाचे कठडे वर ठेवणं असं सांगत होत्या. माझी पाळी आली तशी मी उभी राहिले.

"मॅडम, अलार्मवर पट्टी आहे, आणि पट्टी का आहे हे विचारायची आम्हाला परवानगी नाही. आता तर तिथे भूत नेमलं आहे. उद्या ते रजेवर गेलं तर?"

कोणी हसलं नाही. इन्चार्ज सिस्टर उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी माझी आयसीयूची ड्युटी काढून मला बाहेरच्या ड्रेसिंगला बसवलं. ठीक आहे म्हटलं. पण माझ्या जागी आलेल्या ज्योत्स्नाने आत गेल्यावर पहिलं काम केलं ते पट्टी काढायचं. तिच्यानंतरच्या मुलीनेही तेच केलं. वरचे लावत, आम्ही काढत. ट्यूटर मॅडम बोलल्या काहीच नाहीत, पण कोणालाही शिक्षा होऊ दिली नाही. पावसाळा लागेपर्यंत लावणारे दमले. त्या मशीनला वेगळा इन्व्हर्टर आला आणि लाइट गेल्यावरचं कोकलणंही थांबलं. मी परीक्षा पास झाले.

लक्ष्मणभाऊ बायकोला घेऊन जाताना विचारत होते, त्या सिस्टरले काही द्याचं होतं, नाव सांगा. मी म्हटलं, मलाही माहीत नाही.

आजही माहीत नाही. तो आवाज मी नंतर किती आयसीयूंमध्ये कान देऊन शोधला, पुन्हा आला नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे दोघींना लागू पडणारं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. फक्त ती देवमाणूस होती, हात जोडा, असं मला सांगू नका. मी तिला हात जोडलेले नाहीत. ती जी कोण होती, तिच्यावर अलार्मच्या जागी हाक मारायची वेळ यायलाच नको होती.