आष्टीपर्यंतचं रडणं

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही भित्रेपणाच? असेल. त्याची मला सवय आहे.

मी नर्स होते. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक होती. नवरा चामोर्शीला शाळेत मास्तर. आणि आमची मितू — नाव संघमित्रा, पण एवढ्याशा जिवाला एवढ्या मोठ्या नावानं कोण हाक मारणार? — मितू माझ्याजवळ, क्वार्टरवर. तिला सांभाळायला सासूबाई येऊन राहिल्या होत्या. मी ड्यूटीवर निघाले की तिला कडेवर घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या, आणि दोघी मिळून मला हाताने "जा, जा" करायच्या.

मितू दहा महिन्यांची झाली आणि आषाढ लागला. सासूबाईंचं मन चामोर्शीच्या शेताकडे ओढ घेऊ लागलं. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, काही कुणाच्या नातीसाठी थांबत नाही. एक दिवस त्यांनी सरळच सांगितलं, "मले आता जा लागते बाई. तू नोकरी सोड, नाई तं वर्षाची रजा काढ. तेही नाई जमत तं पोरगी मले दे." मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. प्रश्न अवघड आला की तो मुलांवर सोपवायचा, ही त्यांची वर्गातली युक्ती घरीही चालायची. म्हणजे ठरवायचं मलाच होतं.

आता आमचे डॉक्टरसाहेब. वर्ध्याकडचे, तरुण, लग्न न झालेले. दर सोमवारी मी मितूला दवाखान्यात न्यायचे — सासूबाई तिकडे कधी फिरकल्या नाहीत — आणि ते तिला झोळीत घालून काट्यावर टांगायचे आणि वजन मोठ्यानं पुकारायचे. साडेसात किलो भरली त्या दिवसापासून ते तिला त्याच नावानं हाक मारायला लागले. "काय म्हणतात आमच्या साडेसात किलो?" मितू त्यांच्या चष्म्याला हात घालायची आणि ते घालू द्यायचे. इतका मऊ साहेब मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

आणि पुढे मितू चामोर्शीला गेल्यावर आमच्या घरात मात्र या माणसाचा राक्षस झाला. मितू जेवत नसली की सासूबाई म्हणायच्या, "जेव, नाई तं डाक्टर येते!" दूध नासलं तरी डाक्टर, उचकी लागली तरी डाक्टर. मितूची एक चिंध्यांची बाहुली होती, तिचं नाव डाक्टर, आणि रोज संध्याकाळी तिला झाडूचा मार मिळायचा. शेजारपाजारचे हसायचे. मीही हसायचे.

का? कारण चामोर्शीत सगळ्यांना ठाऊक होतं की या डाक्टरनं नर्सबाईला रजा दिली नाही. लेकरू लहान आहे म्हणून ती हातापाया पडली, तर म्हणाला, राजीनामा टाका. मग बिचारी काय करणार? काळजावर दगड ठेवून पोरगी सासूजवळ सोडली तिनं.

हे मी सांगितलं होतं. मी.

खरं काय झालं ते आता सांगते — टाळत टाळत इथवर आले, आता टाळण्याजोगं काही उरलेलं नाही. सासूबाई जाणार हे कळल्यावर डॉक्टरसाहेबांनीच मला बोलावून घेतलं. म्हणाले, सिस्टर, वर्षभराची बिनपगारी रजा घ्या, जिल्ह्याला मी स्वतः जाऊन बोलतो, तुमची जागा कुठे जात नाही. अर्जसुद्धा त्यांनीच लिहिला, त्यांच्या त्या किरट्या अक्षरात. खाली माझ्या सहीपुरती जागा सोडलेली. मी म्हटलं, विचार करून सांगते. चार दिवसांनी सुया उकळायला चूल पेटवायची होती, लाकडं ओली होती. तो कागद मी चुलीत सारला. साहेबांना सांगितलं की घरी सोय झाली, गरज नाही. आणि घरी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच.

मला जायचं नव्हतं हो. एवढंच. लसीचा थर्मास खांद्याला लावून मी एकेका टोल्यावर, पाड्यावर, पायी जायचे, तिथल्या बाया लांबून पाहून बाज बाहेर काढायच्या, पदरातली भाजलेली मोहफुलं माझ्या हातावर ठेवायच्या. निळं पडलेलं एक पोर माझ्या हातात पहिल्यांदा रडलं होतं. चामोर्शीत मी मास्तरांची बायको होते, तिथे मी मीच होते. मला ते सोडवेना. लेकीवर जीव नव्हता का? होता. अजूनही तिच्या टाळूचा वास मला आठवतो. पण दोन्हींतलं एक निवडताना मी कामावर हात ठेवला — आणि हे कबूल करायची लाज वाटली म्हणून एका भल्या माणसाला पुढे केलं. खरं सांगितलं असतं तर सासूबाई रागावल्या असत्या का? चार दिवस. मितूला तर त्यांनी तशीही हौसेनंच नेली असती.

तिला सोडून परतताना मी एसटीत खूप रडले. आष्टीपर्यंत. आष्टीला गाडी थांबली, मी खाली उतरले, गरम भजी घेतली आणि खिडकीशी बसून चवीनं खाल्ली. पुढे जंगल लागलं तेव्हा मी गुणगुणत होते.

मितू बोलायला लागली तेव्हा सासूबाईंना आई म्हणायची आणि मला नर्सबाई. महिन्यातून एकदा मी यायचे, ती दारातून ओरडायची, "नर्सबाई आली!" तेही सगळ्यांनी डॉक्टरच्याच नावावर घातलं.

ती चार वर्षांची असताना साहेबांची बदली झाली. जाता जाता ते चामोर्शीला आमच्या घरी आले. मी दोन दिवसांच्या सुट्टीवर आले होते. हातात लहानसा लाल स्वेटर, दारातूनच म्हणाले, "जयभीम! कुठे आहेत आमच्या साडेसात किलो?" मितू बाजेखाली दडली. कोण आलंय ते कळलं मात्र, सासूबाई सूप टाकून अंगणात आल्या.

"तुमीच काय ते डाक्टर? दूध पिनारं लेकरू मायपासून तोडलं तुमी. काऊन नाई देल्ली तिले रजा? तुमाले माय नोयती काय?"

मी पाण्याचा लोटा घेऊन उंबऱ्यात उभी होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना सगळं समजलं, हे मला दिसलं. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता — शेजारीणसुद्धा कुडावरून पाहत थांबली होती. मी लोट्याकडे बघत राहिले.

त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, आई," म्हणाले.

सासूबाई विरघळल्याच. चुकलं म्हणणारा साहेब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. निघताना त्यांनी साहेबांना नव्या तांदळाचं गाठोडं दिलं. लोटा मी दिला. साहेब पाणी प्यायले आणि "बरं आहे, सिस्टर" म्हणून गेले. त्यानंतर मी त्यांना एक कार्डसुद्धा टाकलं नाही. स्वेटर मितूनं तीन हिवाळे घातला.

आता मितू नागपूरला एका प्रयोगशाळेत आहे — होती. तिची लेक अकरा महिन्यांची. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आई, तुले एक विचारू? लेकराले ठेवून कामावर गेली का मले बरं वाटते. गाडीवर गाणं म्हनतो मी. माझ्यातच काही खोट आहे काय? तुले तं मजबुरी होती. माझ्यासारखी बाई असते काय कुठी?"

आष्टीची ती भजी माझ्या अगदी जिभेवर आली होती. एक वाक्य पुरलं असतं.

"थकली असशील गं," मी म्हणाले.

पुढच्या सोमवारी तिनं राजीनामा दिला. संध्याकाळी फोन करून म्हणाली, "तुले जे देता नाई आलं, ते मी माझ्या पोरीले देतो, आई."

मी म्हणाले, "शहाणी गं माझी बाई."