सोळा इंचांची टाइल

मी हॉलच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली. टाळी संपली तरी आवाज संपेना. भिंतीवरून छताला, छतावरून फरशीला, असा तो झणझणत राहिला. दुसरी वाजवली. तेच. तिसऱ्या टाळीला कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे म्हातारे गृहस्थ मुलीला म्हणाले, "ही बाई टाळ्या कायले वाजवून राहिली?"

मुलगी म्हणजे निर्मला. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची, तिथेच जवळच्या एका शाळेत शिक्षिका. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा तिच्या नवऱ्याचं ऑफिस गोंदियाला गेलं. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. बाकीचे दिवस घरात ती आणि तिचे वडील, पूर्वीचे विणकर तुळशीरामजी, दोघंच. या मॅडम आवाजाचं काम करतात, असं तिने वडिलांना जवळजवळ ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली. काय ऐकू आलं ते त्यांनाच ठाऊक.

आवाजाचं काम म्हणजे गाणंबजावणं नव्हे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात एका कंपनीत वीस वर्षं सभागृहं आणि स्टुडिओंच्या भिंती केल्या. बोललेला शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसाला स्वच्छ ऐकू यावा, एवढंच ते काम. पन्नाशी जवळ आली तशी भंडाऱ्याला परत आले. इकडे अशी कामं कमी. एखादं मंगल कार्यालय, एखादा कॉन्फरन्स हॉल. राहत्या घराचं काम मला पहिल्यांदाच आलं होतं.

निर्मलाची तक्रार अशी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनं मातीचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधलं. चकचकीत पांढऱ्या टाइल्स, पीओपीचं छत, मोठमोठ्या काचेच्या खिडक्या. नव्या घरात आल्यापासून वडिलांचं बोलणं कमी झालं. डॉक्टरांनी कानात मशीन दिलं. वडिलांनी चार दिवस लावलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. कानात बाजार भरते म्हणाले. तिला वाटलं, हट्ट आहे. त्यावरून दोघांची दोनतीनदा भांडणंही झाली होती.

मी तुळशीरामजींना मशीन लावायला सांगून अंगणात घेऊन गेले. तिथे साध्या आवाजात विचारलं की मागावर किती वर्षं बसलात. त्यांनी सगळं सांगितलं. बाराव्या वर्षी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले, सत्तरी ओलांडल्यावर बाहेर काढले. मधे मी चार प्रश्न विचारले, चारहींची नेमकी उत्तरं आली. मग आम्ही हॉलमध्ये आलो आणि मी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला.

"आँ?" ते म्हणाले.

मी निर्मलाला समजावलं. मातीची भिंत आणि कवेलू आवाज गिळतात. सिमेंट, काच, फरशी तो परत फेकतात. तुमचा एक शब्द बाबांना पाचदा ऐकू येतो, एकावर एक. मशीन बिचारं ते पाचही मोठे करतं. कान अर्धे गेलेत हे खरं, पण उरलेलं नुकसान घराने केलंय.

तिने चकचकीत भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे बाबांचं ऐकणं मीच बंद केलं."

मी म्हटलं, कॉन्ट्रॅक्टरही होता, मीही असंच घर बांधलं असतं. पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

उपाय सोपा होता. दाबलेल्या ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या कापसाची, दोन इंच जाड पाटी, तिला लाकडी चौकट आणि वरून कापड. बाहेरून शोभेची टाइल दिसते, आतून आवाज खाते. अट एकच. कापडातून हवा जायला हवी. हवा गेली तरच आवाज आत जातो. त्यासाठी आमच्या धंद्यात साधी परीक्षा असते. कापड तोंडाला लावायचं आणि फुंकर मारायची. पलीकडे हाताला वारा लागला तर कापड पास.

मी सॅम्पलच्या कापडावर फुंकर मारून दाखवली. तुळशीरामजींनी ते माझ्या हातातून घेतलं, दोन बोटांत चोळलं, परत दिलं आणि आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. येताना त्यांच्या हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं कापडाचं एक थान होतं. कोसा, आपल्याकडचं रानरेशीम. रंग न दिलेला, मधासारखा. त्यांनी एक पदर उलगडून माझ्यापुढे धरला. मी फुंकर मारली. वारा आरपार गेला.

"बाबा, हे नाही," निर्मला म्हणाली.

मग तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या थानाचं सूत तिच्या आईने काढलं होतं. आई आतल्या खोलीत बसून कोशातून धागा ओढायची, मांडीवर वळायची आणि वळता वळता सारखी बोलत राहायची. बाबा समोरच्या खोलीत माग चालवत उत्तरं द्यायचे. हे थान मागावर अर्धं असताना ती गेली. बाबांनी ते पुरं केलं, गुंडाळलं आणि खड्ड्यातून जे उठले ते पुन्हा बसले नाहीत. व्यापारी येऊन विचारून गेले. त्यांनी ते कोणाला दाखवलंही नव्हतं.

आम्ही काय बोलतोय ते तुळशीरामजींना ऐकू आलं नाही, पण समजलं असावं.

"पेटीत ठेवून कोणाच्या कामाचं?" ते म्हणाले. "लावा भिंतीले. पण एक सांगतो. कापडाच्या तोंडावर खिळा नाही मारायचा. मागची बाजू सोसते, तोंड सोसत नाही."

समोरून स्क्रू मारून वर टोपी बसवणं ही नेहमीची पद्धत बाद झाली. गोंदाने चिकटवलं असतं तर गोंद कापडात चढून डाग पडले असते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो टिकतही नाही. राहिली लपलेली क्लिप. अॅल्युमिनियमची एक पट्टी भिंतीला, तिचा ओठ वर. दुसरी टाइलच्या पाठीला, तिचा ओठ खाली. टाइल थोडी उचलून वरून अडकवायची. काढायची झाली तर तशीच उचलायची. समोरून काहीच दिसत नाही. खर्च आणि कटकट जास्त, पण मी हो म्हटलं.

पुढच्या खेपेला मी आणि माझे सुतार ईश्वरभाऊ गेलो. ईश्वरभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. त्यांनी दोन फुटी चौकटी तयार करून आणल्या होत्या. आम्ही चटईवर थान पसरलं आणि मी खडूने खुणा करायला लागले. तुळशीरामजी बाजूला बसून पाहत होते. त्यांनी बोट ठेवून खुणेनेच विचारलं की हे एवढं उरते, ते कुठं जाईल.

मी त्यांच्या कानाशी मोठ्याने हिशेब सांगितला. चोवीस इंचांची टाइल. दोन्ही बाजूंना जाडीचे दोन-दोन इंच, मागे दुमडायला दीड-दीड. एकूण एकतीस. कापडाचा पन्हा शेहेचाळीस. पंधरा इंच वाया जाणार.

"थांबा जी," ते म्हणाले. "कापड भिंतीच्या मापाचं कापू नका. भिंत कापडाच्या मापाची करा."

मी ग्लासवूलच्या खोक्यावर पेनाने आकडे मांडले. शेहेचाळीसचे अर्धे तेवीस. त्यातून सात गेले, सोळा. सोळा इंचांची टाइल केली तर पन्ह्यात बरोबर दोन बसत होत्या आणि एक दोराही वाया जात नव्हता. वीस वर्षं मी दोन फुटी टाइल करत आले, कारण ग्लासवूलची पाटी त्या मापात येते. पाटी मात्र आता आठ-आठ इंच उरणार होती. दोन तुकडे जोडून एक टाइल होत होती. पाटी जोडलेली चालते, वरून दिसत नाही.

ईश्वरभाऊंनी स्वतःच्या बारा चौकटींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा मागितला. आठवड्याने सोळा इंचांच्या चाळीस चौकटी घेऊन आले.

कापड कापायच्या वेळी माझा हात पुढे होईना. निर्मला स्वयंपाकघरात निघून गेली. तुळशीरामजींनी कात्री मागून घेतली. आधी त्यांनी खुणेवरचा एक धागा नखाने पकडून हळूहळू ओढून काढला. कापडात बारीक रेष उमटली. त्या रेषेवरून त्यांनी कात्री नेली. इतका सरळ काप मी मशीनचाही पाहिला नाही. प्रत्येक कापाला तसंच. ओढलेले धागे ते डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत गेले.

पहिली टाइल भिंतीवर चढली आणि एका कोपऱ्यातून बाहेर आली. कापडाची घडी तिथे जाड झाली होती, त्यामुळे क्लिप पुरती बसेना. तुळशीरामजींनी घडी उकलली, चपटी केली आणि सुई-दोऱ्याने टाके घातले. मग बसली. भिंतही ओळंब्यात नव्हती, वरपासून खालपर्यंत अर्धा इंच कललेली. ईश्वरभाऊ क्लिपच्या मागे वॉशर घालत गेले. उन्हं उतरेपर्यंत एका भिंतीवर वीस टाइल्स झाल्या. पाच आडव्या, चार उभ्या. दिसायला सुंदर. निर्मलाने खुर्चीजवळ जाऊन, न ओरडता विचारलं, "बाबा, आता कसं वाटते?"

"आँ?"

पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली. "फरक नाही."

भंडाऱ्याला परतताना मी गाडीत मनातल्या मनात पुन्हा हिशेब मांडला. एका भिंतीने भागत नाही हे मला माहीत होतं. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती समोरासमोर उघड्या होत्या, आवाज त्यांच्यात चेंडूसारखा फिरत होता. पुस्तकाप्रमाणे दुसरी भिंत झाल्यावर फरक पडायला हवा. पण पुस्तकातल्या सभागृहात कोणाच्या बायकोचं शेवटचं सूत कापलेलं नसतं. नाही जमलं तर ते थान परत जोडून देता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भिंतीवर उरलेल्या वीस बसवल्या. खिडक्यांना जाड पडदे लावले. मी टाळी वाजवली. टप् झालं आणि संपलं. ईश्वरभाऊंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्यांच्या दृष्टीने ती खूप मोठी दाद होती.

तुळशीरामजींनी मशीन कानात घातलं. निर्मला स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. तिला टाळीचं काही माहीत नव्हतं. तिने सवयीने, स्वतःशीच बोलल्यासारखं विचारलं, "बाबा, चहात साखर टाकू काय?"

"अर्धा चमचा," ते म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज थांबला. ती चमचा हातात घेऊन दारात आली. काहीतरी विचारायचं म्हणून तिने हळूच विचारलं की कालची भाजी कशी झाली होती.

"मीठ जास्त होतं," ते म्हणाले. "दोन वर्षांपासून जास्तच होऊन राहिलं."

ती हसायला लागली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

आम्ही सामान आवरलं. ईश्वरभाऊ ड्रिल घेऊन गाडीकडे गेले. तुळशीरामजींनी मला थांबवलं. म्हणाले, तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन जरा बोला.

"काय बोलू?"

"काहीबी. तिकडून बोला."

मी आत गेले. निर्मलाने मला स्टूल दिलं. मग मी म्हटलं, मी करडी गावची. माझे वडीलही शेवटी कमी ऐकायचे, पण ते आम्हाला कोणाला कळलं नाही. मी पुण्याहून फोन करायची. ते सगळ्याला हो, हो म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. एकदा मी त्यांना सांगितलं की या सणाला सुटी नाही, मी येत नाही. ते म्हणाले, हो, हो, ये. मला वाटलं, पुढच्या वेळी ये म्हणताहेत. सणाच्या दिवशी ते सकाळीच फाट्यावर जाऊन बसले. शेवटची बस गेल्यावर घरी आले. आईला म्हणाले, गाडी चुकली असेल तिची. हे मला ते गेल्यावर समजलं. लोकांच्या कानापर्यंत शब्द पोचवायचा पगार मी घेत होते तेव्हा.

एवढं मी आजवर घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. निर्मला गॅसकडे तोंड करून उभी होती.

मी बाहेर आले. तुळशीरामजी डोळे मिटून बसले होते. पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. खुर्ची होती तिथेच खाली पूर्वी मागाचा खड्डा होता, हे मला नंतर समजलं. आणि स्वयंपाकघर म्हणजे जुन्या घरातली, निर्मलाची आई बसायची ती आतली खोली.

"सगळं ऐकू आलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आवाज तिचा नाही. पण जागा थेच हाये."

मी नमस्कार करून निघाले.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. साइटवर गेलं की टेप काढायच्या आधी मी विचारते, घरात कोण कुठे बसतं आणि आवाज कुठून यायला हवा. लोक जरा विचित्र नजरेने पाहतात, पण सांगतात. टाइलचं माप त्यानंतर घेते. टाइल घुमणारा आवाज काढून टाकते, नसलेला आवाज आणून देत नाही. कोटेशनमध्ये हे लिहायला रकाना नसतो, म्हणून तोंडी सांगते.