रहाटाला नमस्कार

गिरणीचा पहिला भोंगा वाजायच्या आत बाबा आंघोळ करून हातमागापुढे उभे राहत. नागपुरात तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, आणि आमच्या विणकरांच्या गल्लीत मागाचं. बाबा मागाला हात जोडत, मग त्याच्या फणीला, आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला. कापूस पिकवणाऱ्याला, सूत रंगवणाऱ्याला, सुताची खळ वाळवणाऱ्या उन्हालासुद्धा. "इतक्यायनं मिळून आपल्याले जेवू घातलं," असं म्हणत आणि खुशीत मागावर बसत. सकाळच्या वेळी त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही.

चिडायची मी. कारण भिंतीशी चरख्यासारखा रहाट घेऊन माय बसलेली असायची. धोट्यात घालायच्या कांड्यांवर ती सूत भरून द्यायची, तेव्हा कुठे बाबांचा माग चालायचा. उन्हाला नमस्कार आणि तिला नाही? मी दहा वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. एका सकाळी विचारलंच, "बाबा, मायले काहून नाही जोडत हात?"

"घरच्या बायकोले हात जोडते काय कोणी?" बाबा हसले. मायने डोळे वटारले, तेही माझ्यावरच!

पुढे कुहीला मावशीचं बाळंतपण आलं आणि माय पंधरा दिवस तिकडे गेली. रहाटावर मी बसले. माझ्या कांड्या अशा, की घडीघडी सुताची तार तुटायची. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः रहाटाशी बसले आणि त्यांनी सुताचा मोठा गुंता करून ठेवला. मागावरचं लुगडं अर्धंच राहिलं.

"जोडा ना आता फणीले हात. कांड्या भरून देते का पाहू," मी म्हटलं. आता चापट बसणार हे पक्कं होतं. पण बाबा मान खाली घालून गुंता सोडवत राहिले.

माय परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबांनी रोजचे नमस्कार केले, आणि मागावर न बसता ते भिंतीकडे गेले. वाकून त्यांनी रहाटाला हात जोडले.

"रहाटाले काय जोडता?" माय म्हणाली. "तो काय आपल्या मनानं फिरते?"

"फिरवणारीलेच जोडून राहिलो," बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले आणि घाईघाईने मागावर जाऊन बसले.

मायच्या हातून तार तुटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तीनदा तुटली, आणि तिन्ही वेळा ती गालातल्या गालात हसली. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

"पाह्यलं? मीच सांगतलं होतं त्यायले," मी फुशारकी मारली.

तुटलेली तार सांधत ती म्हणाली, "हो वं. अन् तू कवा जोडशील?"

माझा हात वेणीवर गेला. थोड्याच वेळापूर्वी तिनेच ती घातली होती. पाणी आणायच्या निमित्ताने मी विहिरीवर पळाले.

आता म्हातारपणी रोज सकाळी चहाच्या आधी मी हात जोडते. यादी लांब आहे, संपेपर्यंत मन हलकं होतं. पहिली मायच असते. तिने विचारलं तेव्हाच जोडले असते, तर तिला दिसले असते.